मार्शलची पाठ

३ फेब्रु., मंगळ.

आज दादाचा शर्ट घालून खेळले. फुलबाह्यांचा, निळ्या चौकड्यांचा. आधी म्हणाला, "बांगड्या काढ न जराशा." मग म्हणाला, "बोटाइचं बी कायतरी कर." माझ्या बोटांना झेंडूचा पिवळा रंग बसलेला असतो, तो भांड्याच्या घासणीनं काढला. हे सगळं कशासाठी, तर जुन्या गेमांचे विक्रम ठेवणारी जी साइट आहे, तिथल्या लोकांनी अख्ख्या गेमचा आमचा व्हिडिओ बघून कळवलं होतं की आता खेळणाऱ्याचे हात दिसतील असा एका लेव्हलचा व्हिडिओ पाठवा, मगच मान्य करू.

दादानं वरून मोबाईल धरला. मनगटाच्या वरचं काही येऊ दिलं नाही. मी 'डस्ट मार्शल'ची चौथी लेव्हल खेळले, मालगाडीच्या डब्यांची, जिथे धुक्यातून दोन्हीकडून माणसं निघतात.

संध्याकाळी उत्तर आलं. मंजूर. एकही गोळी अंगावर न घेता अख्खा गेम संपवणारा जगातला पहिला खेळाडू: निखिल, अमरावती.

निखिल म्हणजे दादा. खेळले मी. आश्विनी नावाचं कोणी त्या साइटवर नाहीच.

पेढे आणले त्यानं. मी घेतला नाही तर म्हणतो, "डाएट करून राहिली काय?"

५ फेब्रु., गुरु.

राग उतरत नाही, म्हणून लिहून ठेवते.

गेमच्या व्हिडिओंचं चॅनेल काढलं तेव्हा ठरलं होतं, मी खेळणार, तो बोलणार. मला बोलता येत नाही, त्याला खेळता येत नाही. दुपारी आमच्या फुलांच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मागच्या खोलीत टीव्हीला डबा जोडायचा. आई त्या म्हाताऱ्या कन्सोलला डबाच म्हणते.

पहिल्या व्हिडिओत तो "आपण" म्हणायचा. आपण इथून वाकून जाऊ, आपण याला मागून गाठू. पुढे पुढे "मी" झालं. माझ्या कानाला ते लागलं होतं. वाटलं, बोलण्याच्या ओघात होत असेल. ओघ कसला...

आज सरळ म्हटलं, साइटवर माझं नाव लाव.

"लावतो न. आताच बदललं त त्याइले डाऊट येईन. गोष्ट जराशीक थंडी होऊ दे."

आई पोळ्या करता करता बोलली, "तुह्यं नाव कायले पाह्यजे तिथी? उद्या पाहाले येनाऱ्याइले काय सांगू, पोरगी बंदुका चालवते म्हनून?"

मग दादाच्या लग्नात नाही का येणार ते आडवं, मी विचारलं. "तो पोट्टा हाय," म्हणे. विषय संपला. बोलण्याच्या नादात तिची पोळी करपली, तेवढंच बरं वाटलं.

८ फेब्रु., रवि.

मोबाईलवर बातम्या देणारा एक जण दादाची मुलाखत घेऊन गेला. दुकानासमोर, टांगलेल्या हारांखाली उभं करून. मी आत निशिगंध ओवत होते. शब्द न् शब्द ऐकला.

त्यानं विचारलं, भिंतीला पाठ लावून खेळायची ही पद्धत तुम्ही शोधली कशी? बाहेरदेशातले खेळाडू त्यावर बोलून राहिलेत.

दादा म्हणाला, "सखोल अभ्यास."

मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट. दादा पुलाच्या लेव्हलला मेला आणि त्यानं डब्याचा रिमोट भिंतीवर फेकून मारला. कॅमेरा फिरवायची उजवी दांडी मोडली, पॉजचं बटण मेलं. नवीन रिमोट आला तो दादाला. मोडका मला. कॅमेरा फिरवता येत नाही म्हणजे कोपऱ्यापलीकडे कोण दबा धरून बसलाय ते दिसत नाही. रोज मरायचे. एकदा चुकून मार्शलची पाठ भिंतीला टेकली आणि कॅमेरा आपोआप फिरून त्याच्या खांद्यावरून पलीकडचं दाखवायला लागला. तेव्हापासून भिंत, पिंप, खांब, जे सापडेल त्याला पाठ टेकवत पुढे जायचं. आधी बघायचं, मग गोळी, मग लोळण. लोळताना बंदूक भरली जाते, वेगळं थांबावं लागत नाही. हे सगळं त्या मोडक्या रिमोटवर, एकटीनं.

त्याच्या आदळआपटीतून माझ्या वाट्याला आलेली एवढी एकच चीज. तीसुद्धा आता त्याची.

दोरा इतका ओढला की तुटला. निशिगंध खाली. बाबा म्हणाले, "काऊन एवढी तापून राहिली?" काही नाही म्हटलं आणि वेचत बसले.

११ फेब्रु., बुध.

राजापेठेत फ्लेक्स लागला. ट्यूशन क्लासच्या टॉपर पोरांच्या बोर्डापेक्षा मोठा. दादा गॉगल लावून, हाताची घडी घालून. 'जगज्जेता' असं लाल अक्षरात. खाली आसपासच्या दुकानदारांची गोल गोल तोंडं. आणि बाजूला मार्शल म्हणून कोणी भलताच मिशीवाला फौजी छापलाय, दुसऱ्याच कुठल्या गेममधला.

फ्लेक्सवाला तरी काय करणार. मार्शलचं तोंड कुठे मिळतच नाही. सीडीच्या कव्हरवर त्याची पाठ. अख्खा गेमभर पाठ. पिवळा कोट, टोपी, तो पुढे आणि आपण त्याच्या मागे.

दादाला विचारलं, हा मिशीवाला कोण रे?

"मार्शलच असन. त्याचं थोबाड कोनी पाह्यलं?"

मी पाहिलंय. लहानपणी खेळायला बसले की आईची हाक यायची. नळ आला, कणीक मळ, पाहुण्याइले पानी दे. पॉज तर होत नव्हता. मग मार्शलला एखाद्या बिनधोक जागी उभं करायचं, रिमोट जमिनीवर ठेवायचा आणि उठायचं. परत यायचे तेव्हा तो वळून माझ्याकडे तोंड करून उभा असायचा. बराच वेळ कोणी हात लावला नाही की वळतो तो. रिमोट उचलला की पुन्हा पाठ. हे मी कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

संध्याकाळी चौकात सत्कार. शाल, श्रीफळ, हार. सकाळी बाबा म्हणाले होते, "एक मोठा बनव गुलाबाचा, चांगला भरगच्च." कोणासाठी ते बोलले नाहीत. मी जीव ओतून केला. तो दादाच्या गळ्यात पडला तेव्हा मला कळलं.

फोटोत हार फार छान आलाय.

१३ फेब्रु., शुक्र.

नवीन थेर. अकोल्याच्या एका कॉलेजात गेमिंगचा कार्यक्रम आहे, येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी. प्रमुख आकर्षण निखिल. स्टेजवर लोकांदेखत खेळून दाखवणार. यानं होकार देऊनही टाकला.

मला आधी हसूच आलं. याला दुसऱ्या लेव्हलचं फाटक उघडता येत नाही. मग त्यानं बेत सांगितला.

"तू पडद्यामागं बसजो. तुहा रिमोट खरा, माहा खोटा. मी नुसते बटनं दाबतो. कोनाले समजते?"

मी नाही म्हटलं. आई रडायला लागली. फ्लेक्स लागला, सत्कार झाला, आता सख्ख्या भावाचं तोंड काळं करते काय व. बाबा चपला घालून बाहेर गेले. त्यांची ती सवयच आहे, घरात काही पेटलं की त्यांना बाहेर काम निघतं.

शेवटी मी अट घातली. आधी माझं नाव, मग अकोला. दादा म्हणे, आधी अकोला. तासभर ओढाताण. मग तो उठला, देव्हाऱ्यातलं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेतला, आईसमोर म्हणाला, "अकोल्यावरून आलो का तुह्यं नाव लावतो. आता त झालं?"

बेलभंडार उचलल्यावर आमच्या घरात पुढे बोलत नाहीत. मी हो म्हटलं. नाव पाहिजे म्हणून हो म्हटलं, हौसेनं नाही. हे इथे लिहून ठेवते.

१५ फेब्रु., रवि. महाशिवरात्र

दिवसभर बेल, धोतरा, पांढरी फुलं. पाणी प्यायला फुरसत नाही. दादा दुकानात फिरकला नाही, त्याची म्हणे तयारी चालू आहे.

एक गिऱ्हाईक म्हणालं, "तुमच्या निखिलनं नाव काढलं बावा." त्याच्या पुडीत मी सुकलेली फुलं भरली. देवाच्या नावाची होती, त्याबद्दल महादेवाची माफी. गिऱ्हाइकाची नाही.

१७ फेब्रु., मंगळ.

तालीम. दादा पुढे खुर्चीवर वायर न जोडलेला रिमोट घेऊन, मी मागे खाटेवर माझा मोडका घेऊन. तो अंगठे कुठेही दाबतो. मार्शल डावीकडे लोळतो, हा उजवीकडे कलतो. मी म्हटलं, निदान दिशा तरी बघ. तर मलाच, "तू सावकाश खेळत जाय न, मले सुधरू दे."

सावकाश. दोन्हीकडून गोळ्या येत असताना.

एक शिकला पण. टाळ्यांसाठी कुठे थांबायचं ते मात्र एकदम बरोबर शिकला.

१९ फेब्रु., गुरु. शिवजयंती

झेंडू. झेंडू. झेंडू. दादा भगवा फेटा बांधून मिरवणुकीत. माझ्या रिमोटची वायर दोन ठिकाणी उघडी पडली होती, चिकटपट्टी लावून मीच नीट केली. परवा अकोला. नाव लागलं की मी या माणसाशी महिनाभर बोलणार नाही.

२२ फेब्रु., रवि.

काल लिहिणं झालं नाही. आज सगळं क्रमानं लिहिते, कारण घरात जो तो आपापली वेगळी गोष्ट सांगतोय.

बसनं गेलो, मूर्तिजापूरवरून. डबा माझ्या मांडीवर. दादा खिडकीशी, ओठ हलवत भाषण पाठ करत होता.

हॉल गच्च. कॉलेजच्या एका मुलीनं माझ्या ओढणीला बिल्ला लावला, 'तांत्रिक मदत'. दादानं तसं सांगितलं होतं. स्टेजच्या मागच्या बाजूला कार्यक्रमाचा भला मोठा फ्लेक्स, त्याच्यामागे मला स्टूल. फ्लेक्स जिथे जोडला होता तिथे फट होती. फटीतून दादाची पाठ दिसत होती, आणि त्याच्यापलीकडे त्याच्यासमोर ठेवलेला टीव्ही. टीव्हीत मार्शलची पाठ. लोकांसाठी बाजूला मोठा पडदा.

खेळले. खोटं कशाला लिहू, फार सुंदर खेळले. कोठारातल्या तिघांना एका लोळणीत. मालगाडीच्या डब्यांवर एकही गोळी वाया नाही. पाठ टेकवून कॅमेरा फिरला की पोरं शिट्ट्या मारायची. त्या शिट्ट्या मला फ्लेक्समधून ऐकू येत होत्या आणि लाज वाटते सांगायला, पण छान वाटत होतं. समोर दादाचे खांदे उडत होते.

चौथी लेव्हल संपली. पाचवीच्या सुरुवातीला विहिरीजवळ मोकळी जागा आहे. आपण पुढे पाऊल टाकेपर्यंत तिथे कोणी येत नाही. तिथे थांबून मी बोटं मोडत होते. तेवढ्यात निवेदकानं दादासमोर माईक धरला. घरच्यांची साथ कशी होती?

मला वाटलं, आता म्हणेल. नाव नको घेऊ बाबा. नुसतं "बहीण पण बसते माझ्यासोबत" एवढं म्हण. मी त्याच्यावरही खूश झाले असते, इतकी स्वस्त आहे मी.

दादा म्हणाला, "घरच्याइले यातलं काय समजते सर. बहीण त हार गुंफते दुकानात. रिमोट सुलटा धरा लागते का उलटा, तिले माईत नाई." आणि हसला. हॉल हसला.

मी रिमोट जमिनीवर ठेवला आणि हात मांडीवर.

निवेदक म्हणाला, चला, आता पाचवी लेव्हल. दादा बटणं दाबायला लागला. मार्शल उभा. दादा वाकला, कलला, खांदा उडवला. मार्शल उभाच. कुजबुज सुरू झाली. दादा मान न वळवता, दातातल्या दातात, "आशे. चाल न व. आशे." माझं नाव त्यानं स्टेजवर घेतलं ते एवढंच, आणि तेही कोणाला ऐकू जाणार नाही असं.

मग मार्शल वळला. टोपी मागे सारली आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. जुन्या गेममध्ये असतं तसं चौकोनी, खडबडीत तोंड, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. इतक्या वर्षांनीही तसाच, दमलेला. पोरं ओरडायला लागली, "त्याचं तोंड दिसून राहिलं बे, तोंड!" सगळे मोबाईल वर. दादाचे अंगठे थांबले. तो त्या तोंडाकडे बघतच राहिला. मग त्यानंही मान वळवली, सरळ फटीकडे.

दोघंही माझ्याकडे बघत होते. मी बिल्ला स्टुलावर ठेवला आणि मागच्या दारानं बाहेर पडले.

स्टँडवर बस लगेच मिळाली. बडनेरा येईपर्यंत नुसता राग होता. भीती घराचं दार दिसल्यावर वाटली.

दादा उशिरा आला, डबा घेऊन. आईला म्हणाला, वायर ढिली झाली होती. लोकांना पण तेच सांगितलं म्हणे. लोकांना तर ते तोंडच इतकं आवडलं की त्यांनी त्यासाठी पण टाळ्या वाजवल्या. काहीही केलं तरी याला टाळ्याच.

नावाचं विचारलं. "तुनं माहा कार्यक्रम खराब केला आन् वरून नाव मांगतं?" बेलभंडाराचं काय, म्हटलं. आई म्हणाली, अकोल्याचं काम पुरं झालं असतं तर शब्द लागू. देवाच्या शब्दालाही यांच्याकडे पळवाट आहे.

२४ फेब्रु., मंगळ.

बाबांनी राजापेठेतला फ्लेक्स उतरवून आणला. दुकानात ओल्या फुलांखाली अंथरला, छापील बाजू वर. दिवसभर मी दादाच्या गॉगलवर झेंडू ओतत होते. बाबांनी एकदाच खाली बघितलं, मग माझ्या बोटांकडे, आणि पाणी शिंपडायला लागले. मला कळेना त्यांना किती माहीत आहे. विचारलं नाही.

दुपारी दादा मागच्या खोलीत आला. दोन दिवसांत पहिल्यांदा. हातात मोबाईल. साइटवाल्यांची मेल. अकोल्याचा व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचलाय. त्यात दादाचे अंगठे चालू आहेत आणि मार्शल जागचा हलत नाही, हे त्यांनी बरोबर धरलं. आता त्यांना एकाच चौकटीत खेळणाऱ्याचं तोंड आणि हात दोन्ही पाहिजेत. आठवड्याच्या आत. नाहीतर विक्रम काढून टाकणार. दादाचा नाही, माझाही नाही, कोणाचाच राहणार नाही.

मी मेल वाचली. म्हटलं, उत्तर लिही. बहीण खेळली म्हण, मी आत्ता बसते, बांगड्यांसकट. पासवर्ड त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

तो खाटेच्या कडेवर बसला. उत्तर लिहायची जागा उघडली होती, कोरी. मग म्हणाला, "तो वळते हे तुले माईत होतं?"

हो.

"मंग मले काऊन नाई सांगतलं कधी? एवढे वर्ष खेळून राहिलो आपन."

"तू कधी रिमोट ठेवून उठलाच नाईस," मी म्हटलं.

रागानं म्हणायचं होतं. तसं निघालं नाही, नुसतं निघालं. तो माझ्याकडे बघत राहिला, शनिवारी फटीकडे बघत होता तसा. काहीतरी म्हणणार होता असं अजून वाटतं.

तेवढ्यात आईची अंगणातून हाक. "आशे, दूध ठेवलं गॅसवर, पाह्य व."

मी हलले नाही. रिमोट माझ्या हातात होता, तो तसाच धरून बसले. दादानं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या मांडीवर मोबाईल, उत्तराची जागा अजून कोरी. आईनं पुन्हा हाक मारली, या वेळी नुसतं "अरे कोनी तरी पाहा" म्हणाली. दोघांपैकी कोणी उठलं नाही. दूध वर येतानाचा आवाज आला, मग करपल्याचा वास.

सगळं दूध गेलं. ओटा अजून तसाच आहे. मेलही.